पोरांची भिशी

उन्हाळ्याची सुट्टी लागली की नगरजवळच्या भिंगारच्या आमच्या गल्लीत पापड वाळतात आणि आयांची डोकी तापतात. पोरं सकाळपासून दारात. चेंडू माझ्या शिलाई मशीनवर, पाय कुणाच्या तरी कुरडयांत, आणि वर 'आता काय करू?' हा प्रश्न तोंडी लावायला. यंदा एप्रिलच्या शेवटी पेपरातून उन्हाळी शिबिराचं रंगीत पत्रक आलं. पोहणं, घोडेस्वारी, व्यक्तिमत्त्व विकास. खाली फी लिहिली होती. ती वाचून मी त्याच पत्रकात ब्लाउजची कात्रणं गुंडाळली आणि केरात टाकली. नऊ वर्षांच्या पोरीचं व्यक्तिमत्त्व घडवायला घोडा लागतो हे मला कुणी पटवून दाखवावं.

समोरच्या भाभीनं मात्र ते पत्रक नीट वाचलं होतं. तिचा नवरा बेकरीत कामाला, घरात तीन पोरं. ती माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, आपण महिन्याला पैशाची भिशी लावतो ना? तशी पोरांची लावू."

मला आधी वाटलं, उन्हानं हिचं डोकं फिरलं. पण तिनं सगळं ठरवूनच आणलं होतं. या भिशीत पैसे नव्हते, गुरुवार होते. गल्लीतल्या सात घरांच्या सात चिठ्ठ्या साखरेच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या आणि दर बुधवारी दुपारी एक काढायची. ज्या घराची चिठ्ठी निघेल त्या घरानं दुसऱ्या दिवशी गल्लीतली सगळी पोरं कुठंतरी फिरवून आणायची. बाकीच्या बायकांना तेवढाच श्वास. गुरुवार अशासाठी की गल्लीतले निम्मे पुरुष सुप्याच्या कारखान्यांत जातात, माझा नवराही त्यातलाच, आणि त्यांना सुट्टी गुरुवारी. मोटारसायकलवरून पोरं स्टँडवर सोडायला त्यांची मदत. खाणं घरचं, प्रवास एसटीचा नाहीतर पायी. भाभीच्या लेकीनं वरून आणखी एक नियम घालून घेतला: कुठं जायचं ते त्या घरातलं पोर ठरवणार, आणि मोठ्यांनी नाक मुरडायचं नाही. आम्ही हसत 'बरं' म्हणालो. पोरांच्या नियमाला बायका अशाच पटकन 'बरं' म्हणतात आणि मग फसतात.

मी भिशीत उडी मारली ती काही श्वास घ्यायला नव्हे. गेल्या जूनमध्ये नवऱ्याला सुप्याची नोकरी लागली आणि आम्ही जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याहून इथं आलो. नवरा रमला, मीही रमले. लेक रमली नाही. गल्लीतली पोरं वाईट नव्हती, कुणी तिला छळलं नाही, पण त्यांच्या जोड्या आधीच जमलेल्या होत्या. ही दारात उभी राहून खेळ बघायची आणि थोड्या वेळानं आत येऊन म्हणायची, "संपला खेळ." बाहेर तर आरडाओरडा चाललेला असायचा. मी मशीनचं पायडल मारत राहायचे.

परीक्षा संपली त्या दिवशी तिनं सरळ सांगून टाकलं, "मम्मी, जूनला मला खर्ड्याच्या शाळंत घाल. मी आजीजवळ ऱ्हाते."

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्या म्हणतात. सासरे गेल्यापासून आत्या खर्ड्याला एकट्याच राहतात. शेजारी जाऊबाई आहेत, पण चूल वेगळी. भिंगारला चला म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "तुमच्या त्या खुराड्यात माझा जीव घुसमटतो. आन माज्या शेळ्या कुटं बांधू, जिन्यात?" नातीचा बेत कळल्यावर मात्र त्यांचा रोज फोन यायला लागला. शाळेत बाईंना भेटून आले, दप्तर कुठलं घ्यायचं, असं सगळं. नवरा म्हणाला, "रमत न्हाई तर ऱ्हाऊ दे की तिकडं. आईला बी सोबत." त्याचं काही चुकत नव्हतं. म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. एकुलती एक लेक शंभर किलोमीटर लांब ठेवायची आणि इथं लोकांच्या पोरींचे फ्रॉक शिवत बसायचं? मी म्हटलं, सुट्टी संपू दे, मग बघू. माझी सगळी भिस्त त्या साखरेच्या डब्यावर होती.

पहिली चिठ्ठी कोपऱ्यावरच्या घराची निघाली. तिथल्या मुलानं रणगाडे बघायचं ठरवलं. रणगाड्यांचं संग्रहालय आमच्या हाकेच्या अंतरावर, आणि गल्लीतल्या निम्म्या मोठ्या माणसांनी ते कधी पाहिलं नव्हतं. पोरं एकेका रणगाड्याशी उभी राहून तोंडानंच गोळे सोडत होती. दुसरी चिठ्ठी भाभीची. तिच्या लेकीनं डोंगरावरचा महाल निवडला. उजाडता उजाडता वर गेलो, खाली सगळं नगर धुरकट दिसत होतं, वारा असा की भेळेतले कुरमुरे उडून चालले. पोरं महालाभोवती पळत सुटली. माझी लेक माझ्या ओढणीचं टोक धरून बसली.

तिसरी चिठ्ठी गल्लीतल्या सगळ्यात धाकट्या मेंबराच्या घरी गेली. वय वर्षं तीन. कुठं जायचं रे बाळा, म्हटल्यावर त्यानं बोट केलं ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या रसवंतीकडे. त्याच्या आईनं जीव तोडून त्याला बाग, किल्ला, आगगाडी सुचवून पाहिली. पठ्ठ्याचं बोट हललं नाही. नियम म्हणजे नियम. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि डबे घेऊन आमची दिंडी निघाली आणि शंभर पावलांवर थांबली. रसवंतीवाल्यानं आम्हाला बघून आधी हात जोडले, मग चरकाच्या घुंगरांचा पट्टा सोडून पोरांच्या हातात दिला. दुपारपर्यंत तिथंच ठिय्या. इतकी स्वस्त आणि इतकी मस्त सहल मी आयुष्यात केली नव्हती. पण लेक त्या दिवशीही माझ्याच शेजारी, पेल्यातला बर्फ चघळत.

चौथी चिठ्ठी आमची निघाली. सगळी पोरं तिच्याकडे बघायला लागली. तिनं क्षणभरही विचार केला नाही.

"खर्डा," ती म्हणाली. "आमच्या गावचा किल्ला."

"अगं, एवढ्या लांब? या उन्हात?" मी म्हटलं. बायकांनीही एकमेकींकडे पाहिलं. पण भाभीनं डब्याचं झाकण लावलं. "ताई, रसवंतीला गेलो तेव्हा जवळ आहे म्हणून रद्द केलं का? मग लांब आहे म्हणून कसं रद्द करायचं? मी येते सोबत."

त्या संध्याकाळी मी डब्याची तयारी करत होते. लेक आतल्या खोलीत दप्तर भरत होती. मी पाण्याची बाटली द्यायला गेले तर दप्तराची चेन लागत नव्हती. वरच स्वेटर. मे महिन्यात, डोक्यावर चाळीसच्या पुढचं ऊन असताना, स्वेटर. खाली सगळे चांगले कपडे, कंपास, मागच्या वर्षीचं बक्षीस. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी चेन ओढून लावून दिली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग नेतीस कशाला? रानात सोडलेलं वासरू परत दावणीला येतं व्हय?" त्याला मी जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

सकाळी नगरच्या स्टँडवर जामखेडची गाडी धरली. दोन बायका आणि तेरा पोरं. हल्ली बायकांना अर्धं तिकीट, पोरांना तर आधीपासूनच अर्धं. कंडक्टरनं आमच्यावरून नजर फिरवली आणि विचारलं, "यवड्या लवाजम्यात एक बी फुल न्हाई व्हय?" भाभी म्हणाली, "फुल माणसं घरी झोपलीत, भाऊ." गाडीभर हशा पिकला.

पुढं मात्र एक गंमत झाली. हा रस्ता माझ्या लेकीच्या पायाखालचा. गाव यायच्या आधीच ती गावाचं नाव सांगायला लागली. चिचोंडी, मग कडा, मग आष्टी. "आता बीड जिल्हा लागला बघा," असं म्हणाली तेव्हा पोरांना वाटलं थापा मारतेय. कोपऱ्यावरच्या मुलानं एका दुकानाची पाटी वाचली आणि खरंच खाली जिल्हा बीड. "आन जामखेडच्या आधी परत आपला जिल्हा येतो," ती म्हणाली. मग पोरं खिडकीला चिकटली. एका गाडीत बसून दुसऱ्या जिल्ह्यात जायचं आणि तिथून पुन्हा आपल्याच जिल्ह्यात यायचं, हे त्यांना कुठल्याही वॉटर पार्कपेक्षा भारी वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा मी तिला सगळ्या पोरांच्या मध्ये बोलताना पाहत होते. आनंद झाला, आणि पाठोपाठ भीती. गाडी जसजशी खर्ड्याजवळ जात होती तसतशी ती फुलत होती.

जामखेडला गाडी बदलून खर्ड्याला पोचलो तर आत्या स्टँडवरच उभ्या. घरी त्यांनी आमरसाचं पातेलं भरून ठेवलं होतं, वर कुरडया-पापड्यांचा डोंगर. माझ्या डब्यातल्या दशम्यांकडे त्यांनी असं पाहिलं की मी डबा उघडलाच नाही. नातीच्या पाठीवरचं दप्तर त्यांनी आल्याआल्या काढून घेतलं आणि भिंतीतल्या फडताळात ठेवलं. एक कप्पा रिकामा केलेला होता. त्यात स्वच्छ कागद अंथरलेला. मी तो पाहिला आणि माठाकडे वळले, तहान नसताना दोन तांबे पाणी प्याले.

जेवण झाल्यावर पोरं किल्ल्यात गेली. आमचा किल्ला भुईकोट, गावालाच लागून. बाहेरून तट असा उंच की टोपी पडावी, आत मोकळं मैदान. लेकीनं पोरांना दरवाजा दाखवला, आतली विहीर दाखवली, लढाई कशी झाली तेही सांगितलं. त्यातलं निम्मं तिनं तिथल्या तिथं रचलेलं होतं. भाभीनं मला विचारलं, "हे खरं आहे?" मी म्हटलं, "तोफा खऱ्या असाव्यात. हत्ती विहिरीत पडला ते काही मी ऐकलेलं नाही."

तेवढ्यात तिची जुनी जिवलग मैत्रीण गावातली सातआठ पोरं घेऊन आली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. झालं, मी मनात म्हटलं, आता संपलं. किल्ल्यात दगडांना तोटा नाही, मैत्रिणीच्या हातात चेंडू, म्हणजे लगोरी आलीच. गावची पोरं एकीकडे, भिंगारची एकीकडे. मैत्रिणीनं हात केला, "ये गं, तू आमच्यात."

माझी लेक निघालीही होती. पण भाभीच्या लेकीनं तिचा फ्रॉक मागून धरला. "ती कशी तुमच्यात? ती आमच्यात आहे."

"ती खर्ड्याची हाय!"

"ती आमच्या गल्लीतली आहे!"

दोन्ही बाजूंनी ओढाताण. कोपऱ्यावरचा मुलगा तर भांडायलाच उठला, म्हणे ही गेली तर आमचा एक गडी कमी होतो. वर्षभर जिला कुणी 'ये' म्हटलं नव्हतं तिच्यावरून किल्ल्यात दुसरी लढाई व्हायची वेळ आली. ती मध्ये उभी, कानापर्यंत लाल झालेली. शेवटी मैत्रीणच म्हणाली, "जा बाई त्यांच्यात. तशी बी तुमीच हारनार."

ते खरंच झालं. गावच्या पोरांचा नेम असा की दर डावाला लगोरी उडालीच म्हणून समजा. शेवटच्या डावात भाभीची लेक लगोरी रचायला धावली, चेंडू आला, आणि तो तिच्या पाठीला लागला की ओढणीला यावरून रणकंदन माजलं. "लागलाच न्हाई!" माझी लेक ओरडत होती, आपल्या जिवलग मैत्रिणीच्या तोंडासमोर हात नाचवून. "म्या बगितलं! वडणीला लागला! वडणी म्हंजी आंग व्हय?" आणि मागून अकरा-बारा वर्षांच्या पोरापासून तीन वर्षांच्या मेंबरापर्यंत सगळं भिंगार तिच्या बाजूनं बोंबलत होतं. मी तटाच्या सावलीत बसून हसत होते आणि डोळे पुसत होते. भाभीनं विचारलं काय झालं. मी म्हटलं, धूळ. ती म्हणाली, "हां, धूळच असणार."

ते हरले. पण हरल्यावर गारेगारवाला आला आणि दोन मैत्रिणींनी एकच गारेगार आलटून पालटून चोखलं, तेव्हा तहही झाला. ती मैत्रीण आणि तो किल्ला, ती शाळा, हे सगळं इथंच होतं आणि तिचंच होतं. भिंगारच्या पोरांनी एका दुपारी तिची बाजू घेतली, एवढ्यानं पारडं फिरेल असं म्हणायला मी काही खुळी नव्हते. घरी आल्यावर आत्या चहा गाळत होत्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, "ती राहते म्हणाली तर राहू द्या. मी ओढून नेणार नाही. तुम्हीही धरून ठेवू नका."

आत्यांनी गाळणी आपटली. "म्या कशाला धरू? पोरगी काय शेळी हाय?" पण त्यांचा चेहरा उजळला होता.

खर्ड्याहून थेट नगरची दुपारची एकच गाडी असते. आत्यांनी घराला कुलूप लावलं, मैत्रिणीला सोबत घेतलं आणि आम्हाला पोचवायला स्टँडवर आल्या. मी लेकीच्या पाठीकडे पाहिलं. पाठ मोकळी. दप्तर फडताळातच राहिलं होतं. मला जे समजायचं ते समजलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवावा म्हणून मी पुढं झाले, तेवढ्यात गाडी वळून आत आली आणि स्टँडभर पळापळ सुटली. लग्नसराईची गर्दी ही. दारात रेटारेटी सुरू झाली आणि माझी लेक मला दिसेनाशी झाली.

दिसली ती गाडीच्या आत. कोपऱ्यावरच्या मुलानं तिला खांद्यावर घेऊन मागच्या बिनगजांच्या खिडकीतून आत ढकललं होतं. शेवटच्या लांब सीटवर ती आडवी पडली होती आणि खालून पोरं टोप्या, रुमाल, ओढण्या आत फेकत होती. ती एकेक झेलून पुढच्या सीटांवर टाकत होती. फेटा बांधलेले एक बाबा तिच्यावर खेकसले, "ऊठ गं पोरी! सबंध गाडी इकत घेतली काय? कुनाची तू? कुटली?"

त्या गावात या प्रश्नाला तिनं जन्मापासून एकच उत्तर दिलेलं. आजोबांचं नाव घेतलं की खर्ड्यात कुणीही सरकून जागा देतं.

"आमी भिंगारचे हाओत," ती म्हणाली. "समदे एकत्र हाओत. तेरा जण. तुमी हितं कडंला बसा, बाबा, मी दबून बसते."

मी खाली उभी होते. माझ्या शेजारी आत्या. दोघींनीही ऐकलं.

"अगं, तुझं दप्तर घरी ऱ्हायलं की!" आत्या खिडकीकडे बघून म्हणाल्या.

"असू दे आजी. सुट्टीत आले की लागंल मला."

आनंदानं मी वेडी व्हायची बाकी होते. पण आत्यांकडे बघून तो आनंद जरा आवरावा लागला. मी गाडीत चढले, खिडकीशी बसले. आत्या खिडकीखाली आल्या आणि गजांना धरून उभ्या राहिल्या. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. या बाईनं आजवर मला सांगितलं, रागावलं, शिकवलं. विचारलं कधीच नव्हतं.

"ती न्हाई ऱ्हात," त्या हळूच म्हणाल्या, "तर मी येऊ का गं? मला लई एकटं वाटतंय."

कंडक्टरनं घंटी मारली. मी एकदम मोठ्यानं ओरडले. "येऊ का काय विचारता? चढा! ह्याच गाडीत चढा!"

"अगं, शेळ्या..."

"मी बगते शेळ्या, आजी!" मैत्रीण ओरडली. "तुमच्या जाऊबायला बी सांगते, किल्ली द्या!"

"माझ्या जाऊबाई, आत्यांच्या नव्हे," मी तिथंही दुरुस्ती केलीच. भाभी कंडक्टरचा हात धरून उभी होती, "भाऊ, एक मिनिट, अम्मा येतायत." आत्यांनी कमरेची किल्ली काढून पोरीच्या हातात दिली. एकदा घराच्या दिशेनं पाहिलं. मग पदर खोचला आणि दाराकडे वळल्या. अंगावरच्या लुगड्यानिशी, हातात पिशवीसुद्धा नाही.

गाडी खच्चून भरली होती. दारातल्या माणसांनी कुरकुर केली, एवढ्यात जागा कुठं आहे म्हणून. शेवटच्या सीटवरून माझ्या लेकीचा आवाज आला, किल्ल्यातल्यापेक्षाही मोठा.

"सरका रं समदे! माझी आजी बसतीय!"